मे महिन्यातली बुरशी

मंगळवार, ८ मे १९७३. सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. सक्करदरा चौकातल्या डेहनकर फोटो स्टुडिओच्या मागच्या अंगणात नत्थूजी गजभिये शेगडीवर लोखंडी कढई ठेवून दाणे भाजत बसले होते. दाणे साबुदाण्याएवढे, काचेसारखे आणि गुलाबी. ते खाण्याचे नव्हते. सिलिका जेल नावाचा हा पदार्थ हवेतली ओल शोषून घेतो. कोरडा असला की निळा दिसतो, ओल प्यायला की गुलाबी होतो आणि मंद आचेवर भाजला की पुन्हा निळा होतो. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या लेन्स ठेवायच्या कपाटात त्याच्या पुरचुंड्या ठेवायच्या आणि दर दोन दिवसांनी भाजून घ्यायच्या, हे नत्थूजींचं काम. पाच वर्षं ते हे काम करत होते. मे महिन्यात त्यांनी ही कढई पहिल्यांदाच काढली होती.

शेजारी चहाची टपरी चालवणारे रामाजी कुंपणावरून पाहत होते.

"काहून गा नत्थू, ऊन कमी पडून राहिलं का, म्हून शेगडी पेटवली?"

"दाणे गुलाबी झाले ना."

"मंग होऊ दे. गावात पान्याचा थेंब नाही. आमच्या विहिरीत बालटी खाली टेकून वाजते, आन तुहे दाणे पानी पिऊन राहिले?"

"तेच तं मले समजून नाही राहिलं."

"तलावाची हवा असंन."

"तलावात पोट्टे क्रिकेट खेळून राहिले, गा."

रामाजी हसले आणि टपरीकडे वळले. नत्थूजींनी निळे झालेले दाणे गार होऊ दिले, मलमलच्या चार पुरचुंड्यांत भरले आणि पुरचुंड्या मांडीवर घेऊन बसून राहिले. त्या ठेवायला जागा नव्हती. लेन्सच्या कपाटाची किल्ली आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती.

सोमवारी झालं ते असं. स्टुडिओचे मालक गणपतराव डेहनकर रविवारी हुडकेश्वरला एका लग्नाचे फोटो काढून आले होते. प्रिंट धुतल्यावर नवरीच्या चेहऱ्यावर धूर आल्यासारखं दिसलं. गणपतरावांनी लेन्स काढून ट्यूबलाइटसमोर धरली. आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे पसरले होते. त्यांनी कपाटातल्या नऊच्या नऊ लेन्स तपासल्या. तीन लेन्समध्ये धागे सापडले. ही बुरशी. ती काचेवरच्या लेपावर वाढते आणि वेळेवर पुसली नाही तर लेप खाऊन टाकते. मग पुसूनही उपयोग होत नाही.

तिन्हींतली एक लेन्स जर्मन बनावटीची होती. गणपतरावांनी ती १९५७ साली कामठीच्या छावणीतून बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून घेतली होती. परदेशी लेन्सची आयात जवळपास बंद होती. तशी दुसरी मिळणार नव्हती.

"नत्थूजी, बुरशी कधी येते?" गणपतरावांनी विचारलं.

"पावसाळ्यात, साहेब."

"आज तारीख काय?"

"सात मे."

"नागपुरात मे महिन्यात बुरशी येत नाही. म्हणजे ती मागच्या पावसाळ्यात आली. म्हणजे मागच्या पावसाळ्यात दाणे भाजले गेले नाहीत."

"भाजले, साहेब. होळीले टॉर्च लावून पाह्यलं, तवा सगळ्या साफ होत्या."

"तुम्ही पाहिलं. दुसऱ्या कोणी पाहिलं?"

दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं. नत्थूजींनी कंबरेच्या करदोट्याची गाठ सोडली, पितळी किल्ली काढली आणि काउंटरवर ठेवली. मृग लागायच्या आत कपाटासाठी दुसरा माणूस बघतो, तोवर तुम्ही डार्करूममध्ये प्रिंट धुवा, असं गणपतरावांनी सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

डार्करूमचं काम हलकं समजलं जातं असं नाही. नत्थूजींची अडचण छातीची होती. सत्तावीस वर्षं कापसाच्या धुळीत काम केल्यामुळे त्यांना खोकला जडला होता, आणि डार्करूमच्या बंद खोलीत आम्लाच्या वासानं तो उसळत असे. पहिल्या वर्षी त्यांनी तिथे आठ दिवस काढले होते. नवव्या दिवशी गणपतरावांनीच त्यांना बाहेर आणून कपाटावर बसवलं होतं. किल्ली गेली म्हणजे पुन्हा त्या खोलीत जायचं. तिथे ते फार तर एक पावसाळा टिकले असते.

नत्थूजींचं वय चोपन्न. राहायला इंदोऱ्यात, तिथून सायकलनं स्टुडिओत यायला पाऊण तास लागतो. १९४० साली ते शहरातल्या एका कापड गिरणीत लागले. विणाई खात्यात चांगलं काम साच्यावरचं, म्हणजे मागावरचं. पण साच्यावरच्या माणसाला आडवं सूत नेणाऱ्या धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि नत्थूजींच्या समाजाच्या माणसानं तोंड लावलेला धोटा दुसऱ्यानं हातात घ्यायचा नाही, असा तेव्हाचा रिवाज होता. त्यांना भिंतीवरचे तापमापक वाचायला ठेवलं. तापमापकाला कोणी तोंड लावत नाही.

एका लाकडी फळीवर दोन तापमापक असत. एक कोरडा. दुसऱ्याच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. हवा जितकी कोरडी, तितकं फडक्यातलं पाणी लवकर उडतं आणि तितका ओला तापमापक खाली उतरतो. दोघांतला फरक मोठा तर हवा कोरडी, फरक लहान तर हवा दमट. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून खात्यात वरून पाण्याचे बारीक फवारे सोडत. फरक चारच्या वर गेला की फवारे वाढवायचे, दोनच्या खाली आला की कमी करायचे. नत्थूजींनी दर तासाला हा फरक पाटीवर लिहिला, सत्तावीस वर्षं. १९५६च्या दसऱ्याला त्यांनी आणि त्यांच्या पत्नी सुभद्राबाईंनी धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसाचा त्यांच्याकडे फोटो नाही. गर्दी इतकी होती की फोटोवाला दिसलाच नाही, असं ते सांगतात.

१९६८ साली गिरणी सोडल्यावर ओळखपत्राच्या फोटोसाठी ते या स्टुडिओत आले. फोटो तयार व्हायला दोन दिवस लागतील, पावसात प्रिंट वाळत नाहीत, असं गणपतराव म्हणाले. नत्थूजींनी आत डोकावून पाहिलं. प्रिंट वाळत घालायची दोरी धुण्याच्या हौदावरच बांधली होती. "दोरी त्या भिंतीले बांधा साहेब, इथं हवा ओलीनं भरलेली हाये," ते म्हणाले. दोरी हलवली आणि संध्याकाळपर्यंत प्रिंट वाळले. पुढच्या सोमवारपासून ते कामाला येऊ लागले.

लेन्सचं काम त्यांनी हळूहळू आपल्या पद्धतीनं बसवलं. लग्नाहून आलेल्या लेन्सवर आधी रबरी फुग्यानं हवा मारायची, कारण आपल्याकडे मंगलाष्टकांना हळदकुंकवात घोळलेली ज्वारी उडते आणि तिचा एक दाणा रुमालाखाली सापडला तर काचेवर कायमचा ओरखडा उठतो. मग मऊ कुंचला. मग सात वेळा धुतलेलं जुनं धोतर, मधून कडेकडे गोल. काचेवर तोंडाची वाफ सोडायची नाही, कारण तीही ओलच. गणपतरावांना ती सवय होती; नत्थूजी समोर असले की ते लेन्स मुकाट्यानं त्यांच्याकडे देत.

कपाट पूर्वी मागच्या खोलीत होतं. १९७२च्या मे महिन्यात त्या खोलीत इतकं तापलं की दोन लेन्सच्या कड्यांतलं ग्रीस पातळ होऊन उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पात्यांवर उतरलं आणि पाती चिकटली. लेन्स मुंबईला पाठवल्या, त्या दिवाळीला परत आल्या. गणपतरावांनी यावर उपाय काढला. पुढच्या खोलीत, जिथे गिऱ्हाइकं बसतात, खिडकीला पत्र्याचा मोठा कूलर होता. त्यांनी कपाट त्याच्या समोर आणून ठेवलं आणि हवा आत खेळावी म्हणून कपाटाला जाळीचं दार बसवून घेतलं. ही युक्ती त्यांना आवडली होती. शहरातल्या आणखी दोन फोटोग्राफरांना त्यांनी ती सांगितली, आणि त्यांनीही आपापली कपाटं कूलरसमोर नेली.

मंगळवारी संध्याकाळी नत्थूजी घरी पोचले तेव्हा सुभद्राबाई अंगणातल्या खाटेवरून वाळलेल्या कुरडया काढत होत्या. नत्थूजींनी झालेला प्रकार सांगितला. सुभद्राबाईंचे हात थांबले नाहीत.

"दाणे कुठं ठेवले होते तुमी?"

"कपाटातच. खालच्या खणात. दिवाळीले निळे करून ठेवले. काल काढले तं गुलाबी."

"आन कपाट कूलरसमोर."

"हो."

"ताराच्या डॉक्टरीणबाईचं आठवते का?" तारा म्हणजे सुभद्राबाईंची धाकटी बहीण, धंतोलीत एका डॉक्टरांकडे कामाला. "मागच्या साली माहे पापड नेले त्याहिनं. डबा ठेवला कूलरच्या खोलीत, झाकन उघडं. आठ दिवसांत पापड वाकले. बाई म्हणे, पापडवालीनं कच्चे देले. तीन उन्हं देली होती मी तेले."

"तू सांगतलं नाही काहून तवा?"

"सांगतलं ना. कोन आयकते. त्याहिच्या मते उन्हाळ्यात ओल नसते." त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. "कुरडया कोनी कूलरसमोर ठेवते का? तुमी लेन्सा ठेवल्या. सत्तावीस साल हवा मोजली म्हनता, आन नाकासमोरचं पानी नाही दिसलं."

नागपुरात उन्हाळा म्हणजे कोरडा, हे कोणी शिकवत नाही आणि कोणी तपासत नाही. वाळवण उन्हाळ्यात, लाकूडफाटा उन्हाळ्यात, घराची डागडुजी उन्हाळ्यात. दिवाळीनंतर दाणे बांधून ठेवायचे आणि मृगाला सोडायचे, हा नत्थूजींचाही नेम होता. कूलर हा पाण्यातून हवा ओढणारा डबा आहे, हे त्यांना माहीत होतं. रोज सकाळी त्यात सोळा बादल्या पाणी तेच ओतत होते.

बुधवारी सकाळी ते गणपतरावांसमोर उभे राहिले.

"डार्करूमचे दोन थर्मामीटर तीन दिवस पाहिजेत, साहेब."

"ताप आला का?"

"तुमच्या खोलीले आला का ते पाहाचं हाये."

गणपतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "फोडू नका," एवढंच म्हणाले.

नत्थूजींनी एका फळीवर दोन्ही तापमापक शेजारी शेजारी बांधले. एकाच्या टोकाला मलमल गुंडाळली आणि तिची शेपटी पाण्यानं भरलेल्या दौतीत सोडली. फळी त्यांनी कपाटाच्या जाळीशेजारच्या खिळ्याला टांगली. मग म्हणाले, "वाचाचं तुमी, लिहाचं तुमी. मी हात नाही लावत."

"हे काय आहे?"

"दोन आकडे लिहा फक्त. अकरा वाजता, दोन वाजता, पाच वाजता. आज इथं. उद्या फळी मागच्या खोलीत."

गणपतराव हिशेबी माणूस. एखादं यंत्र समोर आलं की ते वाचल्याशिवाय त्यांना राहवत नसे. त्यांनी प्रिंटच्या एका रिकाम्या पाकिटावर रकाने आखले. बुधवारी तीनदा आणि गुरुवारी तीनदा त्यांनी स्वतः आकडे लिहिले. दोन्ही दिवस नत्थूजी डार्करूममध्ये होते. गुरुवारी दुपारी दोनच्या वेळी आतून खोकल्याची उबळ इतका वेळ चालली की गणपतराव आकडे लिहिता लिहिता थांबले आणि दाराकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोनचे आकडे लिहिले.

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला गिऱ्हाईक नव्हतं. गणपतरावांनी पाकीट काउंटरवर ठेवलं.

"ही खोली, दुपारी दोन. कोरडा सत्तावीस, ओला चोवीस. मागची खोली, दुपारी दोन. कोरडा एकोणचाळीस, ओला तेवीस. फरक इकडे तीन, तिकडे सोळा. पुढे?"

"गिरनीत विणाई खात्यात आमी तीनचाच फरक ठेवत होतो, साहेब. दिवसभर पान्याचे फवारे चालत, तवा कुठं तो राहे. सुताले तेवढी ओल लागते."

"बरं."

"तुमच्या या खोलीत साचे लावले असते तं एक धागा तुटला नसता."

गणपतराव पाकिटाकडे पाहत राहिले. आकडे त्यांच्याच अक्षरात होते. खिडकीतला कूलर चालू होता आणि कपाटाच्या जाळीवर हात ठेवला तर जाळी गार लागत होती. त्यांनी हात ठेवला.

"एप्रिलपासून चालू आहे हा," ते म्हणाले.

"गुढीपाडव्यापासून. मागच्या सालीबी मेपासून चालला, मंग पाऊस लागला. म्हंजे या लेन्साईले वर्षात दोन पावसाळे झाले. दाणे एकाच पावसाळ्याचे होते."

"आणि मागच्या खोलीत नेलं तर ग्रीस वितळतं."

"वितळते."

"म्हणजे दोन्हीकडून मरण."

"नाही. थंडी इथलीच पाहिजे. हवा नाही पाहिजे." नत्थूजींनी गिऱ्हाइकांच्या बाकाखालून बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढला. झाकणाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बसवली होती. आत निळ्या दाण्यांची पुरचुंडी होती. बुधवारी सकाळी त्यांनी हा डबा तिथे, कूलरच्या झोतात ठेवला होता. दुसरी पुरचुंडी तिथेच उघडी ठेवली होती. ती त्यांनी आता डब्याशेजारी ठेवली. ती गुलाबी होती.

"डबा कोणाचा?"

"घरचा. कुरडयाचा."

"कुरडया आणि जर्मन लेन्स एका डब्यात, नत्थूजी?"

"ओल दोघाईले चालत नाही, साहेब."

गणपतरावांच्या ओठांची कड किंचित हलली. नत्थूजी मात्र हसले नाहीत. त्यांना आणखी एक सांगायचं होतं.

"होळीनंतर मी टॉर्च लावला नाही. लग्नसराई होती, लेन्सा रोज येत जात. दर शनिवारी पाह्यलं असतं तं पहिला धागा सापडला असता. ते माह्या अंगावर हाये. बाकीचं नाही."

गणपतराव उठले आणि त्यांनी कूलरचं बटण बंद केलं. पंखा हळू होत थांबला.

"त्या दोघांना मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. ते कूलरसमोर कपाट नेणाऱ्या दोन फोटोग्राफरांबद्दल बोलत होते. "त्यांनीसुद्धा कोणाला तरी कामावरून काढलं असेल."

"काढलं नसंन तं आता सांगा."

"सांगतो."

त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला, पितळी किल्ली वेगळी केली आणि पाकिटाच्या शेजारी ठेवली. चूक झाली, असं ते म्हणाले नाहीत. मृगाआधी दुसरा माणूस पाहण्याचा विषयही पुन्हा निघाला नाही. नत्थूजींनी किल्ली उचलली, करदोट्याला बांधली आणि यावेळी दोन गाठी मारल्या.

त्यानंतर तासभर दोघांनी मिळून काम केलं. गणपतरावांनी तिन्ही लेन्स खोलल्या, नत्थूजींनी स्पिरिट आणि धोतराचा तुकडा घेऊन काचा पुसल्या. दोन लेन्स स्वच्छ झाल्या. जर्मन लेन्सवरचे धागे निघाले, पण त्यांच्या जागी लेपात त्याच आकाराच्या रेषा उरल्या. गणपतरावांनी ती उजेडासमोर तीनदा फिरवून पाहिली. सवयीनं तोंडाजवळ नेली, वाफ सोडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लेन्स त्यांनी नत्थूजींच्या हातात दिली.

"ही लग्नाला न्यायची नाही."

"नाही."

"डब्यात मात्र ठेवा."

नऊ लेन्ससाठी आणखी चार डबे लागतील, असा अंदाज निघाला. दोन रामाजींच्या टपरीत मिळाले. रामाजींनी कारण विचारलं. नत्थूजींनी सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हंजे तुहा साहेब मले पुसे, तुह्या टपरीवरचे बिस्किटं नरम काहून लागतात, ते त्याच्याच खोलीत नेऊन खात होता म्हून." नत्थूजी तेवढ्यावर पहिल्यांदा हसले, आणि हसता हसता खोकले.

बाकीचे दोन डबे सुभद्राबाई देणार आहेत. कुरडया तोवर मडक्यात राहतील. मडक्याचं तोंड कापडानं बांधून वर पितळी ताट ठेवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे. डबे दिवाळीला परत पाहिजेत, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे.

उद्या शनिवार आहे. स्टुडिओ साडेनऊला उघडतो. कपाट सकाळी सातला उघडेल, आणि टॉर्च लावून नऊच्या नऊ लेन्स पाहिल्या जातील.